काकांची वही आणि अठ्ठावीस लाखांचं कोटेशन

पत्र, थोडक्यात (नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे):

मी २९ वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर. पाच वर्षं एका मोठ्या कंपनीत काढली आणि दोन वर्षांपूर्वी भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बाबांच्या हाताखाली आले. मशिन १४, त्यात सहा व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिनं) आणि आठ सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे) लेथ, माणसं ३८. वाहन उद्योगाला पार्ट देतो. सगळ्यात मोठ्या ग्राहकाने ऑडिटमध्ये लिहून दिलंय की वर्षभरात 'डिजिटल ट्रेसेबिलिटी' हवी. एका सॉफ्टवेअरवाल्याने सगळ्या मशिनना सेन्सर, मोठे स्क्रीन, क्लाउड, बिघाडाचा आधीच अंदाज देणारं एआय, असं सगळं मिळून २८ लाखांचं कोटेशन दिलंय. वर दरवर्षी साडेतीन लाख. तीन माणसं कमी करता येतील, असंही तो म्हणतो.

गेल्या वर्षी मी हौसेने प्रत्येक मशिनवर टॅब लावले होते. ऑपरेटर वाटेल ते भरायचे. चार महिन्यांत टॅब कपाटात गेले. बाबा म्हणतात, "मशिनच्या आवाजावरून मला कळतं, तुझा स्क्रीन वेगळं काय सांगणार?" २०१९ च्या मंदीत हप्ते भरताना त्यांची फार ओढाताण झाली, त्यामुळे कर्जाचा विषय काढला की बोलणंच संपतं. आमचे सेटरकाका (मशिन कामाला जुळवून देणारे) २४ वर्षं आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवायची असेल तर उद्यापासून येत नाही." त्यांच्याकडे एक कळकट वही आहे, तिला कुणाला हात लावू देत नाहीत. या लोकांना नवीन काही नकोच आहे. बाबांना डावलून कर्ज काढू, की जुनी माणसं निवृत्त होईपर्यंत थांबू?

उत्तर:

पत्रात कोटेशनला तुम्ही अर्धं पान दिलंय आणि काकांच्या वहीला एक ओळ. मी मात्र त्या ओळीपाशीच अडलो.

तुमच्या काकांच्या वहीत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण अशा वह्या मी बऱ्याच पाहिल्यात. शंभर पानी, पुठ्ठा कूलंटने (कापताना सोडायच्या थंड द्रवाने) मऊ पडलेला, पानांच्या कडा काळ्या. एका वहीतली एक नोंद मी तेव्हा उतरून घेतली होती: "शुक्रवार सकाळ. ४ नंबर. पहिले तीन जॉब खोली कमी येते. १५ मिनिटं मोकळं फिरवून मग लावणे." जॉब म्हणजे मशिनवर लावलेला पार्ट, खोली म्हणजे त्यात कापायची खोली. तिथेही तुमच्यासारखी गुरुवारी सुट्टी, म्हणून शुक्रवार. बुधवारी रात्री मशिन तापलेलं असताना ऑफसेट, म्हणजे टूल किती खाली न्यायचं याचा मशिनमधला आकडा, जुळवलेला असतो. गुरुवारभर ते थंड पडतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. स्पिंडलचा, म्हणजे टूल धरून फिरणाऱ्या दांड्याचा, २०० मिलिमीटरचा भाग दहा अंशांनी थंड झाला तर तो २४ मायक्रॉनने आखडतो, टूल तेवढं वर राहतं आणि खोली कमी येते. ड्रॉइंगवर २० मायक्रॉनची मुभा असेल तर हे तिन्ही जॉब मापाबाहेर जातात. त्या सेटरने स्पिंडल वाढण्या-आखडण्याचं गणित कधी शिकलेलं नव्हतं. त्याने शुक्रवार पाहिले होते.

तुमचं २८ लाखांचं यंत्र शुक्रवारी सकाळी काय सांगेल? माप बाहेर गेलं, एवढंच. त्यातलं एआय पुरेसे शुक्रवार पाहून आणि कुणीतरी प्रत्येक जॉबचं माप त्यात बिनचूक भरून, कदाचित वर्षभराने हा धागा पकडेल. काकांच्या वहीत तो आज लिहिलेला असेल. म्हणून "या लोकांना नवीन काही नकोच आहे" हे तुमचं वाक्य मला पटत नाही. जो माणूस २४ वर्षं नोंदी ठेवतो, त्याला माहितीची किंमत कळते. तुमच्या वर्कशॉपमध्ये माहिती साठवणारा पहिला माणूस तोच आहे. ती माहिती तो तुमच्या हाती का देत नाही, हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे.

आता टॅबकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की ऑपरेटर वाटेल ते भरायचे. मशिन थांबल्याची कारणं टॅबमध्ये किती होती? मी पाहिलेल्या अशा यादीत एकदा ३२ होती, सगळी इंग्रजीत. ऑपरेटरच्या हाताला तेल, बोटांवर कूलंट. ओल्या बोटाला टॅब दाद देत नाही. हात पुसायचे, तीन पानं सरकवायची, बत्तीसातलं एक शोधायचं, आणि तेवढ्यात पुढचा जॉब तयार. कुणीही पहिलं दिसेल ते दाबेल. आणि खरं कारण शोधून दाबलं, तरी पुढे काय झालं? "इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या बदलत्या पात्याची) वाट पाहत ४० मिनिटं थांबलो" असं एखाद्याने प्रामाणिकपणे भरलं असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला इन्सर्ट वेळेवर मिळालं का? की शनिवारच्या मीटिंगमध्ये त्याच्याच मशिनचा आकडा कमी आला म्हणून त्यालाच उभं केलं?

हे विचारायचा मला अधिकार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात उत्पादन माझ्याकडे असताना मी शॉपच्या मधोमध मोठा स्क्रीन लावला. प्रत्येक मशिनपुढे ऑपरेटरचं नाव. चालू असेल तर हिरवं, थांबलं की लाल. दोन आठवड्यांत स्क्रीन जवळजवळ पूर्ण हिरवा झाला आणि मी खूश झालो. डिस्पॅच मात्र होता तिथेच. एका रात्री दुसऱ्या शिफ्टला न सांगता गेलो. सात नंबरचं मशिन हिरवं होतं, स्पिंडल फिरत होता, टूल वर-खाली होत होतं. दरवाजाच्या काचेतून आत पाहिलं तर जॉब पकडायचं फिक्स्चर रिकामं. हवेत कटिंग चाललं होतं. मुलगा जॉबची वाट पाहत होता आणि लाल दिवा लागू नये म्हणून प्रोग्राम नुसता फिरवत होता. त्याने मला फसवलं असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर मी त्याला तेच शिकवलं होतं. स्क्रीनवर मी त्याचं नाव लावलं, जॉब वेळेवर न देणाऱ्या स्टोअरचं लावलं नाही.

म्हणून काका "पाळत" म्हणतात तेव्हा त्याला हट्ट समजू नका. ते अनुभवातून बोलतात. ज्याच्याकडून आकडा घ्यायचा, त्याच्या कामाला तो आधी आला पाहिजे. तुमच्या आणि ग्राहकाच्या कामाला नंतर. हा क्रम उलटला की आकडे खोटे होतात, आणि खोट्या आकड्यांवर चालणारं एआय कितीही महाग असलं तरी खोटंच बोलतं.

तुम्हाला धीर यावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. हे अपयश एकट्या तुमचं नाही. पूर्वी कारखान्यात एक वाफेचं इंजिन असायचं, छताजवळून एक लांब शाफ्ट जायचा आणि त्यावरून प्रत्येक मशिनला पट्टा उतरायचा. आपल्याकडेही जुन्या मिस्त्रींनी एका ऑइल इंजिनवर अशी पट्ट्याची मशिनं चालवलेली आहेत. अमेरिकेत १८८० नंतर विजेच्या मोटारी आल्या तेव्हा बहुतेक मालकांनी काय केलं? इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली. शाफ्ट, पट्टे, मशिनांची मांडणी सगळं जुनंच ठेवलं. विजेवर पैसे गेले, उत्पादन फारसं वाढलं नाही. खरा फायदा १९२० च्या दशकात दिसला, जेव्हा प्रत्येक मशिनला स्वतःची मोटार मिळाली आणि मशिन शाफ्टच्या रांगेत न ठेवता कामाच्या ओघाने लावता येऊ लागली. त्यात जवळजवळ ४० वर्षं गेली. तुमचे टॅब म्हणजे ती पहिली मोठी मोटार. कागदाचं रजिस्टर काचेवर आलं. काम चालायची रीत तीच राहिली.

दुसरी गोष्ट फ्रीमाँटची, आणि ती मी दर वेळी सांगतो. कॅलिफोर्नियातला हा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि खराब मालासाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारीत तीच जागा 'नुम्मी' नावाने पुन्हा सुरू झाली, आणि कामगार बहुतेक जुनेच घेतले. बदललं ते एवढंच की चूक दिसली तर लाइनवरचा कुणीही दोरी ओढून मदत मागू शकत होता, वेळ पडली तर लाइन थांबवू शकत होता, आणि त्याला कुणी झापत नव्हतं. उलट प्रमुख धावत येऊन विचारायचा, काय अडलं? त्याच माणसांच्या हातून चांगल्या गाड्या निघू लागल्या. पुढे ती इमारत टेस्लाकडे गेली. २०१८ मध्ये मॉडेल ३ चं उत्पादन रखडलं तेव्हा इलॉन मस्क यांनी जाहीर कबूल केलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, आपलीच होती, आणि माणसांना कमी लेखलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, माझा सगळा जन्म मशिनांमध्ये गेला. पण "आधी यंत्रणा बसवू, माणसं आपोआप वळतील" हे मी कुठेही घडताना पाहिलेलं नाही.

आता तुमचे बाबा. "आवाजावरून कळतं" हे खरं आहे. बेअरिंग जायला लागलं, टूल बोथट झालं की आवाज बदलतो, आणि तीस वर्षं ऐकलेल्या कानाला तो कळतो. कंपन मोजणारे सेन्सर तरी दुसरं काय करतात? पण तो कान एका वेळी एकाच मशिनजवळ असतो, आणि दुसऱ्या शिफ्टला घरी असतो. बाबांशी बोलायचंच तर इथून बोला. त्यांचं कौशल्य जुनं झालंय असं म्हणू नका. ते रात्रपाळीलाही असायला हवं, असं म्हणा. आणि कर्जाबद्दलची त्यांची भीती मला अजिबात चुकीची वाटत नाही. हप्ता मंदी पाहून थांबत नाही, हे त्यांनी भोगलंय. त्यात तुमच्या पार्टपैकी किती इंजिनात जातात, किती ब्रेक, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगमध्ये, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इंजिनात जाणारे जास्त असतील तर विजेवरच्या गाड्यांमुळे पाच-सात वर्षांत ते काम किती उरेल, याचा विचार २८ लाखांच्या आधी व्हायला हवा. या बाबतीत सावध बाप आणि घाई झालेली मुलगी यांच्यात मी बापाच्या बाजूने आहे.

त्यांना डावलून कर्ज काढू नका. सही मिळेलही, पण पहिला महिना वाईट गेला की सगळं शॉप त्यांच्या बाजूने उभं राहील आणि तुम्ही एकट्या पडाल.

थांबूही नका, कारण काका निवृत्त होतील तेव्हा वहीही घरी जाईल.

मग करायचं काय? आधी ग्राहकाला नेमकं काय हवंय ते लेखी विचारा. 'डिजिटल ट्रेसेबिलिटी' या दोन शब्दांत सॉफ्टवेअरवाला अख्खं दुकान बसवतो. ग्राहकाच्या पुरवठादार-गुणवत्ता विभागाला बहुधा एवढंच हवं असतं: एखादा पार्ट खराब निघाला तर तो कुठल्या हीट नंबरच्या (पोलादाच्या ओतणीच्या क्रमांकाच्या) मालाचा, कुठल्या मशिनवर, कुठल्या तारखेला, कुठल्या शिफ्टला झाला आणि त्या बॅचमधले बाकीचे कुठे गेले, हे थोड्या वेळात सांगता आलं पाहिजे. शिवाय ड्रॉइंगवरच्या दोन-चार महत्त्वाच्या मापांच्या नोंदी. याला बॅचच्या ट्रेवर क्यूआर कोडचं लेबल, एक स्कॅनर, एक साधा संगणक आणि रोज न चुकता स्कॅन करायची शिस्त लागते. प्रत्येक पार्टवर मार्किंग हवं असेल तर खर्च वाढतो, म्हणूनच विचारून घ्या. क्लाउड आणि एआय ही ग्राहकाची अट आहे, असं तुमच्या पत्रात मला कुठे दिसलं नाही. ते कोटेशनमध्ये आहे.

मग एक प्रश्न निवडा. एकच. "मशिन कुठे थांबतं?" हा माझा आवडता, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. एक हिशेब करून पाहू. समजा, शिफ्ट सुरू झाल्यावर पहिला जॉब तपासून ओके होईपर्यंत प्रत्येक मशिन अर्धा तास उभं राहतं. १४ मशिन, दोन शिफ्ट, म्हणजे दिवसाला १४ तास. तासाचा दर ४५० रुपये धरला तर ६,३०० रुपये, आणि महिन्याच्या २५ दिवसांचे १,५७,५००. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही मोजा. आणि एक लक्षात ठेवा: वाचलेला तास तेव्हाच पैसा होतो जेव्हा त्या तासाला घालायला ऑर्डर असते, म्हणून ज्या मशिनपुढे काम तुंबतं तिथलंच मोजा. पण समजा हेच कारण निघालं, तर उपाय काय? दुसरा हाइट गेज (उंची मोजायचं उपकरण), आणि तपासणीचा मुलगा शिफ्टच्या अर्धा तास आधी येणं. त्याला सेन्सर लागत नाही. सेन्सर लागला तो दुखणं कुठे आहे हे कळायला, आणि तेवढ्यापुरता तो तीन मशिनवर पुरे.

ती तीन मशिनही विचार करून घ्या. सगळ्यात नवं घेऊ नका. तिथे काहीही लावलं तरी चांगलंच दिसतं. एक तुंबणारं, एक जुनं खोडकर, आणि एक काका ज्याला 'माझं' म्हणतात ते. जुन्या मशिनचा कंट्रोलर आजच्या सॉफ्टवेअरशी बोलत नाही म्हणून मशिन बदला, असं कुणी सांगेल, तर ऐकू नका. मोटारच्या केबलभोवती करंट मोजणारी क्लॅम्प लावली तरी मशिन कापतंय, मोकळं फिरतंय की उभं आहे, हे कळतं. मशिनवरच्या टॉवर लॅम्पच्या (चालू-बंद दाखवणाऱ्या रंगीत) दिव्यावरूनही कळतं. हे काम मशिनमागे काही हजारांत होतं. थांबल्याचं कारण सांगायला टॅब नको. पॅनेलच्या बाजूला सहा मोठी बटणं बसवा, हातमोज्यानेही दाबता येतील अशी: जॉब नाही, टूल नाही, सेटिंग, तपासणीची वाट, बिघाड, माणूस नाही. मराठीत लिहा, आणि तुमच्याकडे उत्तरेकडची मुलं असतील तर खाली हिंदीतही.

बटणांची ही सहा नावं तुम्ही ठरवू नका. काकांना आणि दोन ऑपरेटरना बसवून ठरवून घ्या. माझी सहा तुमच्या शॉपला लागू पडतीलच असं नाही.

आणि पहिले तीन महिने त्या आकड्यांपुढे माणसाचं नाव नको. मशिनचा नंबर पुरे. रोज सकाळी दहा मिनिटं त्या तीन मशिनपाशी उभ्याने बोला: काल सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात सोडवा, आणि सोडवली हे सगळ्यांना दिसू द्या. इन्सर्ट स्टोअरमधून यायला उशीर होत असेल तर मशिनजवळ छोटं कपाट ठेवा. एकदा ऑपरेटरला दिसलं की बटण दाबल्याने त्याची खेप वाचते, की तो बटण दाबेल. मी लावलेल्या स्क्रीनला हे कधी जमलं नाही.

तीन माणसांचं काय? याचं उत्तर तुम्ही आणि बाबांनी आधी ठरवलं पाहिजे, कारण शॉपमध्ये ही बातमी आत्ताच पोचलेली असणार. अशा गोष्टी चहाच्या टपरीवर कोटेशनच्या आधी जातात. काम कायम राहील असं वचन कुणी कुणाला देऊ शकत नाही, देऊही नका. पण "या यंत्रणेमुळे कुणाला काढणार नाही, आणि यातले आकडे वर्षभर पगाराला लावणार नाही" एवढं सांगता येत असेल तर बाबांनी सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावं. सांगता येत नसेल तर आकडे गोळा करायच्या भानगडीत पडू नका. रजिस्टर लिहिणाऱ्या मुलाचं काम बदलेल हे त्याला स्पष्ट सांगा आणि त्याला गेज वापरायला, मापांचे आलेख वाचायला शिकवा. कोटेशनमध्ये शिकवण्याच्या ओळीपुढे किती रक्कम आहे ते पाहा. बहुतेक कोटेशनांत ती सगळ्यात लहान असते.

एक काम मात्र आजच करा, त्याला ना कर्ज लागतं ना कुणाची परवानगी. तुमच्या बऱ्याच मशिनच्या कंट्रोलरमधले पॅरामीटर (मशिनच्या मूळ सेटिंग) आणि ऑफसेट एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकलेले असतात. बॅटरी संपली आणि मशिन बंद असलं की सगळं पुसलं जातं. मग सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत दोन-चार दिवस मशिन उभं. बॅटरीची सूचना पडद्यावर कधीपासून लुकलुकतेय आणि कुणी पाहत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. बॅटरी बदला, आणि बदलताना कंट्रोलर चालू ठेवा. प्रत्येक मशिनचे पॅरामीटर आणि प्रोग्राम उतरवून दोन ठिकाणी ठेवा, एक ठिकाण वर्कशॉपबाहेरचं. डिजिटल कारखान्याची सुरुवात मी इथूनच धरतो.

नेटला जोडण्याचंही जरा भान ठेवा. जुन्या विंडोजवर चालणारं मशिन थेट इंटरनेटला लावू नका. मशिनचं जाळं वेगळं, ऑफिसचं वेगळं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही अडकलं होतं. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेतल्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. कंपनीने खंडणी दिली नाही. कागदावर काम सुरू केलं, आणि जुनी हाताने चालवायची पद्धत ठाऊक असलेली निवृत्त माणसं मदतीला परत आली. काकांची वही म्हणूनही जपा.

सॉफ्टवेअरवाल्याला घालवून देऊ नका. त्याला तीन मशिनसाठी, सहा महिन्यांसाठी कोटेशन मागा. आणि विचारा: आमचा डेटा आम्हाला एक्सेलमध्ये कधीही उतरवता येईल का? तुमची कंपनी बंद पडली किंवा आम्ही सोडलं तर तो कुणाचा? नेट गेलं तर नोंदी मशिनपाशी साठतात की हरवतात? दुरुस्तीला माणूस पुण्यातला की बेंगळुरूचा? एआय बिघाडाचा अंदाज देतं म्हणता, तर त्याला शिकायला किती बिघाड लागतात? तुमच्या एखाद्या मशिनला वर्षात दोन मोठे बिघाड येत असतील, तर तेवढ्यावर ते काय शिकणार? या शेवटच्या प्रश्नावर तो गडबडला तर तो भाग कोटेशनमधून काढून टाका.

मदत पुण्यातच आहे. केंद्राच्या 'समर्थ उद्योग भारत ४.०' या उपक्रमातलं सी४आय४ केंद्र पुण्यात आहे. तिथे काय चालतं ते बाबांना घेऊन पाहून या. आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २०२३ मध्ये नव्याने आलेली लीन (वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करायची पद्धत) योजना पाहा. तिच्या वरच्या टप्प्यांत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. आधी लीन, मग डिजिटल, हा क्रम मला तुमच्यासाठी योग्य वाटतो. शॉपमधला पसारा आणि वाट पाहणं तसंच ठेवून त्यावर सेन्सर लावले, तर तो पसारा तुम्हाला रंगीत आलेखात दिसेल, एवढंच.

सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी इथूनही साधारण अशीच पत्रं येतात. बहुतेक ठिकाणी लिहिणारा तिशीच्या आतला, वडील साठीच्या आसपास, आणि मधे एक सेटर किंवा फोरमन, ज्याच्याबद्दल पत्रात एकच ओळ असते. तुमच्यापैकी कुणाकडे ग्राहकाची अट नसेल तर फार चांगलं, तुम्हाला वेळ आहे. अट असेल तरी तीन मशिन आणि एक प्रश्न यापलीकडे पहिल्या सहा महिन्यांत जाऊ नका. सहा महिन्यांनी तोट्याची जागा कळली, ती थोडी भरून निघाली, की बाबांपुढे कोटेशन ठेवायची गरज पडणार नाही. पुढची पाच मशिन कुठली, ते त्यांचे तेच सांगतील.

आणि काका. येत्या शुक्रवारी सातच्या शिफ्टला अर्धा तास आधी जा. लॅपटॉप नको, फोन खिशात. ते पहिलं मशिन सुरू करतात तिथे चहा घेऊन उभ्या राहा. ते स्पिंडलजवळ हात ठेवतील, मोकळं फिरवतील, पहिला जॉब काढून मायक्रोमीटरने बघतील, ऑफसेटमध्ये एखादा आकडा घालतील. "असं का केलंत?" एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. तुमच्याकडे सात वर्षांचा अनुभव आणि चांगलं शिक्षण आहे. त्यांनी सांगितलेल्याचं कारण तुम्हाला सांगता येईल. पोलाद किती वाढतं, ते त्यांना सांगा. आपण २४ वर्षं जे करत आलो त्यामागे हे आहे, हे त्यांना बहुधा कुणी कधी सांगितलेलं नसेल.

वही मागू नका. दोन-तीन शुक्रवार गेले की कदाचित ते स्वतःच उघडून एखादं पान दाखवतील. दाखवली तर फोटो काढायच्या आधी विचारा. आणि सेटिंगच्या नोंदी संगणकात घालायची वेळ येईल तेव्हा त्या पानावर त्यांचं नाव घाला.